बाळाचा गोठविलेला घास : तो वितळवावा कसा, तापवावा कसा

२०१७ साली मातृत्वलाभाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांपर्यंत सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळू लागली, आणि योगायोगाने म्हणा वा हिशेबाने म्हणा, ही मुदत संपते त्याच सुमारास बाळाचे सहा महिने भरून त्याच्या उष्टावणाचा मुहूर्त येतो. रजेतील आठ आठवडे प्रसूतीपूर्वीच खर्ची पडले असतील तर प्रश्नच नाही. मग ती उष्टावणाच्या बरीच आधी संपून गेलेली असते. ज्या आठवड्यात मुगाच्या डाळीच्या पाण्याशी बाळाच्या जिभेची प्रथम ओळख व्हायची, त्याच आठवड्यात आईला कचेरीच्या हजेरीपत्रकावर सही ठोकावी लागते, आणि दिवसातून दोन-तीन वेळा दोन-दोन चमचे ताजे शिजविण्याची सवड घरात कोणालाच उरत नाही. यातून तोड म्हणून रविवारी सकाळी लाल भोपळा, गाजर, रताळे, डाळ, सफरचंद असे जिन्नस मऊ शिजवून, पुरणयंत्रातून वा मिक्सरमधून काढून, बर्फाच्या साच्यांत ओतून आठवडाभराच्या वड्यांची तजवीज करून ठेवण्याचा शिरस्ता शहरांतून आता बराच रुळला आहे. गोठविण्याचे काम बहुतेकींकडून नीट पार पडते, कारण त्या दिवशी उत्साह असतो आणि वेळही असतो. गफलत होते ती नंतर, घाईच्या वेळी, वडी बाहेर काढल्यापासून ती बाळाच्या मुखात पडेपर्यंतच्या अवधीत. आणि प्रस्तुत लेखात मुख्यतः त्या अवधीचाच विचार करावयाचा आहे.

घरातील वडीलधाऱ्या स्त्रीचा या साऱ्या प्रकाराला बहुधा विरोध असतो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. लेकराच्या पोटात शिळे जाऊ नये हा दंडक ज्या पिढ्यांनी घालून दिला त्यांच्यापाशी अन्न थंड राखण्याचे माठाखेरीज साधन नव्हते, आणि वैशाखात सकाळचे वरण दुपारी आंबते हे त्यांना अनुभवाने पुरते ठाऊक होते. घट्ट गोठलेले अन्न त्या अर्थाने शिळे होत नाही. परंतु ते वितळू लागताच आजीबाईंचा दंडक पुन्हा पूर्ण अंमलात येतो, हे सूनबाईंनीही विसरू नये. उणे अठरा अंश सेल्सिअस तापमानाचा कप्पा हा जंतूंवरील खटल्याचा निकाल लावीत नाही, तो खटला नुसता तहकूब ठेवतो. त्या थंडीत जंतूंची वाढ थांबते, पण त्यांतले बहुतेक मरत नाहीत. ऊब आणि ओल मिळताच ते जेथे थांबले होते तेथून पुढे सुरू होतात. पाच ते साठ अंश हा त्यांच्या भरभराटीचा टापू असून त्यातील अनुकूल तापमानावर काही जातींची संख्या दर वीस मिनिटांनी दुप्पट होऊ शकते. तेव्हा वितळविणे आणि तापविणे या दोन्ही क्रियांचे सूत्र एकच : या टापूत अन्नाने शक्य तितका कमी काळ काढावा.

हे कळले तरी ओट्यावर वडी ठेवून देण्याचा मोह सुटत नाही, कारण वडी लहान दिसते आणि वितळून जाईल असे वाटते. येथे थोडे पदार्थविज्ञान समजून घेणे इष्ट आहे. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवावयास एक कॅलरी उष्णता पुरते. परंतु शून्य अंशावरच्या एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशावरच पाणी करावयाचे झाल्यास त्याला सुमारे ऐंशी कॅलरी द्याव्या लागतात. शिवाय बर्फातून उष्णता जितक्या सहजी वाहते, त्याच्या जेमतेम एक चतुर्थांश ती स्थिर पाण्यातून वाहते. परिणाम असा की वडीचा बाहेरचा थर वितळला की तोच आतील बर्फाभोवती आवरण होऊन बसतो, उष्णतेला आत शिरू देत नाही आणि स्वतः मात्र तापत राहतो. तापमानांतील अंतर सारखेच ठेवले तरी गोठविण्यापेक्षा वितळविण्यास अधिक वेळ लागतो तो याचमुळे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात घरातला पारा चाळिसाच्या आसपास घुटमळत असतो; अशा ओट्यावर ठेवलेल्या वाटीत मधोमध बर्फाचा खडा शिल्लक असतानाच कडेचा गर जंतूंना हव्या तितक्या उबेला पोचलेला असतो. मधला खडा पाहून आपण अन्न अजून गार आहे असे समजतो, आणि तेथेच फसतो.

वितळविण्याची सर्वांत निर्धोक रीत म्हणजे रात्रीची तजवीज. दुसऱ्या दिवशी लागतील तेवढ्याच वड्या झोपण्यापूर्वी झाकणाच्या स्वच्छ वाटीत काढून शीतकपाटाच्या, म्हणजे आपल्या रोजच्या फ्रीजच्या, खालच्या भागात ठेवाव्यात. वाटीखाली ताटली असावी, आणि कच्चे मांस-मासे त्याच कपाटात असतील तर ते वाटीच्या वर कधीही नसावेत. चार-पाच अंशांवर सावकाश वितळलेला हा गर सकाळी वापरावयास तयार असतो, आणि चोवीस तासांच्या आत तो संपवावा. या मुदतीत न लागलेली वाटी पुन्हा गोठविण्याची मुभा नाही. तो गर घरातील मोठ्यांच्या आमटीत घालून उकळावा. भोपळ्याने आमटीचे काही बिघडत नाही.

रात्री विसर पडला तर थंड पाण्याचा उपाय आहे. वड्या पाणी न शिरणाऱ्या बंद पिशवीत घालून ती थंड पाण्यात बुडवावी, दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे, आणि वितळताच लगेच तापवून वापरावे. मात्र थंड पाणी म्हणजे नळाचे पाणी हे समीकरण आपल्याकडे बारमाही खरे नाही. गच्चीवरची टाकी उन्हात तापलेली असते त्या दिवसांत दुपारी नळाला येणारे पाणी अंघोळीला चालेल इतके ऊन असते. तेव्हा माठाचे किंवा फ्रीजमधले पाणी घ्यावे. खरे पाहता लहान वड्यांच्या बाबतीत याहून सोपी वाट म्हणजे वितळविण्याचा टप्पाच गाळून टाकणे. छोट्या पातेल्यात दोन चमचे उकळलेले पाणी घालून त्यात गोठलेली वडी टाकावी, झाकण ठेवून मंद आचेवर हलवीत राहावे. काही मिनिटांत ती वितळून वाफ धरू लागते, आणि धोक्याच्या टापूतून ती इतक्या वेगाने पार होते की जंतूंना वाढावयास फुरसतच मिळत नाही. कुकरमध्ये तळाला पाणी घालून, शिटी न लावता, झाकलेली स्टीलची वाटी वाफेवर ठेवली तरीही हेच साधते, आणि गर बुडाला लागण्याची भीती राहत नाही. आम्हांला विचाराल तर सकाळच्या धांदलीत ही कुकरची रीत सर्वांत भरवशाची. तिला वेळ थोडा अधिक लागतो पण जवळ उभे राहावे लागत नाही.

मायक्रोवेव्हविषयी मात्र दोन शब्द विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण ज्या घरात वड्या गोठविल्या जातात त्या घरात हे यंत्र असतेच, आणि सोयीच्या पोटी गैरसोय कशी दडलेली असते याचा तो चांगला दाखला आहे. या यंत्रातील लहरी अन्नातील पाण्याच्या रेणूंना गदगदा हलवून उष्णता निर्माण करतात. पण बर्फात जखडलेले रेणू या लहरींना फारशी दाद देत नाहीत, तर वितळलेल्या पाण्याचे रेणू त्या अधाशीपणे शोषून घेतात. त्यामुळे वडीचा जो कोपरा प्रथम वितळतो तोच पुढे भराभर तापत जातो, आणि शेजारचा बर्फ तसाच राहतो. वाटी हाताला कोमट लागते, वरचा थर निवलेला असतो, आणि मध्येच एखादा चमचा जीभ पोळण्याइतका कढत निघतो. बाळाला ओरडून सांगता येत नाही, ते फक्त रडते, आणि आपण त्याला गोडी लागली नाही असे समजून दुसरा चमचा पुढे करतो. म्हणून हे यंत्र वापरावयाचेच झाले तर कमी शक्तीवर, पंधरा-वीस सेकंदांच्या हप्त्यांनी चालवावे, प्रत्येक हप्त्यानंतर तळापासून ढवळावे, आणि शेवटी अर्धे-एक मिनिट वाटी तशीच ठेवून उष्णता सर्वत्र पसरू द्यावी व पुन्हा ढवळावे. भांडे काचेचे वा चिनी मातीचे घ्यावे. धातूचे या यंत्रात चालत नाही, आणि प्लॅस्टिकची वाटी अथवा बर्फाचा साचाच्या साचा आत सरकविणे टाळावे, कारण तापलेल्या प्लॅस्टिकमधील काही द्रव्ये अन्नात उतरू शकतात. आईचे काढून ठेवलेले दूध तर या यंत्रात मुळीच तापवू नये, आणि उकळूही नये. त्याची बाटली कोमट पाण्यात धरली की पुरते. गर पातळ करण्यासाठी ते दूध वापरावयाचे असल्यास गर तापवून, निववून झाल्यावर मग मिसळावे.

आता तापविण्याविषयी. पुष्कळ घरांत गर नुसता कोमट होईपर्यंत ऊन करून भरविला जातो. कोमट म्हणजे सदतीस-चाळीस अंश, म्हणजे जंतूंच्या आवडीची नेमकी ऊब. बरोबर क्रम असा की अन्न आधी पूर्ण कढत करावे, मधोमध पंच्याहत्तर अंशांच्या आसपास पोचेल इतके, आणि मग ते खाण्याजोगे निवू द्यावे. तापमापक हाताशी नसेल तर केवळ कडेच्या बुडबुड्यांवर भिस्त ठेवू नये. वाटीच्या मध्यातून वाफ उठली पाहिजे, आणि ढवळल्यावरही ती उठत राहिली पाहिजे. निवविण्यासाठी गर पसरट ताटलीत ओतून पसरावा किंवा वाटी गार पाण्यात धरून हलवावी. दाट गर उष्णता बराच वेळ धरून ठेवतो आणि वर साय आल्यासारखा थर धरून आतील कढतपणा लपवितो, म्हणून भरविण्यापूर्वी पुन्हा ढवळून एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूस लावून पाहावा. ऊन वा गार काहीच जाणवू नये. फुंकर मारून निवविणे आणि चव घेतलेलाच चमचा बाळाच्या तोंडात घालणे या दोन्ही प्रेमळ सवयींनी मोठ्यांच्या मुखातील जंतू लेकराकडे जातात. चव पाहण्यास वेगळा चमचा घ्यावा. एकदा तापविलेले अन्न दुसऱ्यांदा तापवू नये. शिजविलेल्या फळांचा गर मात्र फ्रीजमध्येच वितळला असेल तर तो तापविण्याची गरज नाही. बाळाला सारे काही ऊनच हवे असते हा समज आपला आहे, त्याचा नव्हे.

एवढी आच दिली की मागचे सारे दोष जळून जातात अशी मात्र कोणी समजूत करून घेऊ नये, आणि याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या रोजच्या भातात आहे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बीजे असू शकतात. ती शिजण्याने मरत नाहीत, भात ऊबदार राहिला की रुजतात, आणि जे विष तयार करतात त्यातील उलट्या घडविणारा प्रकार पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही. शिजविणाऱ्याच्या हातावरून अन्नात उतरणाऱ्या काही जंतूंच्या विषाचीही हीच गोष्ट. म्हणजे सकाळी शिजवून दुपारपर्यंत कुकरमध्येच राहिलेले खिमट संध्याकाळी गोठविले, तर ती वडी पुढे कितीही खबरदारीने तापवा, तिचा गुन्हा आधीच घडून गेलेला असतो. भात असलेला कोणताही पदार्थ शिजल्यावर पातेले गार पाण्यात ठेवून, पसरून, तासाभरात थंड करून कप्प्यात गेला पाहिजे; इतर पदार्थांनाही दोन तासांहून अधिक सवलत नाही, आणि कडक उन्हाळ्यात तीही निम्मी समजावी. आमचे स्पष्ट मत असे की खिमट गोठविण्याच्या भानगडीत पडूच नये. तांदूळ नि मुगाची डाळ धुऊन, वाळवून, भाजून, दळून ठेवलेले खिमटाचे पीठ कोरड्या डब्यात चांगले टिकते, आणि त्यातून ताजे खिमट दहा मिनिटांत शिजते. नाचणीच्या सत्त्वाचेही तसेच. पाण्यावाचून जंतू वाढत नाहीत हे आपल्या आजीपणजींनी विजेच्या यंत्राविना साधलेले होते, आणि धान्याच्या बाबतीत त्यांची रीत आजही सरस आहे. गोठवणीचा कप्पा राखून ठेवावा तो भाज्या, फळे आणि वरण यांसाठी.

वाटीत उरलेल्या अन्नाचे काय, हा प्रश्न दररोज पडतो आणि त्याचे उत्तर आपल्या काटकसरी स्वभावाला रुचत नाही. बाळाच्या तोंडातून आलेला चमचा ज्या वाटीत बुडाला ती वाटी उष्टी झाली. त्या लाळेबरोबर जंतूही गेले आणि पिष्ट फोडणारे विकरही गेले. मघाचा दाट बटाट्याचा वा रताळ्याचा गर थोड्या वेळाने पाण्यासारखा सुटतो तो या विकरामुळे. असे उरलेले अन्न फ्रीजमध्ये परत ठेवू नये. त्यावर उपाय एवढाच की तापविलेल्या गरापैकी दोन चमचे वेगळ्या वाटीत घेऊन भरवावे, बाळाने आणखी मागितले तर स्वच्छ चमच्याने वाढावे. बर्फाच्या साच्यातील एक वडी साधारणतः एक ते दोन मोठ्या चमच्यांएवढी भरते, आणि आरंभीच्या आठवड्यांत एका वेळेला एकच वडी पुरे होते; साचा लहान घेण्याचे हेही एक कारण आहे.

बाळ पाळणाघरात राहत असेल तर बंदोबस्त अधिक नेटका हवा. विरार वा बदलापूरहून निघणारी आई सकाळी गर तापवून थर्मासमध्ये भरते, आणि दुपारी बारा वाजता तो ‘छान कोमट’ निघाला म्हणून समाधान मानते. पण चार-पाच तास कोमट राहिलेले अन्न हे सर्वांत वाईट अन्न होय. थर्मास साठ अंशांच्या वर राखू शकत असेल तरच त्याचा उपयोग, आणि दोन-चार चमच्यांच्या प्रमाणात तो तसे राखू शकत नाही. त्यापेक्षा वड्या गोठलेल्याच स्थितीत छोट्या काचेच्या वा स्टीलच्या डब्यात घालून, तो डबा बर्फाच्या थैलीसह उष्णतारोधक पिशवीत ठेवून न्यावा आणि पोचताच पाळणाघराच्या फ्रीजमध्ये जाईल असे पाहावे. डब्यावर बाळाचे नाव, जिन्नस आणि गोठविल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी असावी, आणि सांभाळणाऱ्या मावशींना ‘कढत करून, निववून, एकदाच’ हे चार शब्द पुन्हापुन्हा सांगण्यास संकोच करू नये.

विजेचा भरवसा नसलेल्या गावांत आणखी एक खबरदारी लागते. गच्च भरलेला स्वतंत्र फ्रीजर दार न उघडता सुमारे अठ्ठेचाळीस तास आणि अर्धा भरलेला चोवीस तास आपली थंडी राखतो. पण एका दाराच्या लहान फ्रीजमधील बर्फाचा कप्पा इतका दम धरीत नाही, आणि मुळात तो उणे अठरापर्यंत उतरतोच असे नाही. अशा कप्प्यात आठवड्याहून अधिक साठा करू नये. चांगल्या फ्रीजरमध्येही महिन्याभरात वड्या संपवाव्यात, मांस-माशांच्या तर विशेषच. आपण गावी असताना वीज किती वेळ गेली होती हे कळण्यासाठी एक सोपी युक्ती आहे : कपभर पाणी गोठवून त्यावर एक रुपया ठेवावा व तो कप फ्रीजरमध्येच राहू द्यावा. परत आल्यावर नाणे वरच असेल तर ठीक. बुडून तळाशी गोठलेले आढळले तर मधल्या काळात सारे वितळून पुन्हा गोठले असे समजावे, आणि दिसायला कितीही निर्दोष असल्या तरी सर्व वड्या टाकून द्याव्यात.

राहता राहिला प्रश्न चवीचा आणि पोताचा. क्लॅरेन्स बर्ड्झआय या अमेरिकी गृहस्थाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कॅनडाकडील लाब्राडोरच्या थंडीत पाहिले की तेथे क्षणार्धात गोठलेला मासा महिन्यांनंतरही ताज्यासारखा लागतो, आणि त्या निरीक्षणावर त्याने पुढे गोठविलेल्या अन्नाचा मोठा उद्योग उभारला. झटपट गोठले की हिमाचे स्फटिक बारीक राहतात. सावकाश गोठले की ते मोठे होऊन पेशींच्या भिंती फोडतात, आणि वितळताना पाणी वेगळे सुटते. म्हणून साचा उथळ असावा, गर पूर्ण गार करून मगच आत ठेवावा, आणि घट्ट झालेल्या वड्या हवा काढलेल्या पिशवीत भरून ठेवाव्यात. तरीही वितळल्यावर थोडे पाणी सुटतेच; ते ओतून न देता पुन्हा घोटून घ्यावे. भोपळा, गाजर, रताळे, वाटाणे, सफरचंद या गोठवणीतून उत्तम निभावतात. वरण घट्ट होते, त्यात उकळलेले पाणी घालून ते सारखे करावे. बटाटा खरबरीत व चिकट होतो, अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा, दही फुटते. तूप गोठविण्यापूर्वी न घालता भरविताना वरून ताजे घालावे, म्हणजे त्याचा वास टिकतो. मीठ-साखर आणि मध वर्षाच्या आत घालावयाचेच नाहीत, त्यामुळे तो प्रश्न उद्भवत नाही. पालक आणि बीट शिजवून बाहेर राहू दिले तर त्यांतील नायट्रेटचे लहान बाळांना अपायकारक असे नायट्राइट होऊ लागते, तेव्हा त्यांच्या वड्या विशेष तत्परतेने गोठवाव्यात, वितळल्यावर त्याच जेवणात संपवाव्यात. केळे मात्र काळे पडते आणि चिकटते. ते सोलून काट्याने कुस्करावयास एक मिनिट लागते, त्यासाठी साचा अडवून ठेवण्याचे काही कारण नाही.